यंत्राचा वेग आणि माणसाचा हात



वसंत व्याख्यानमालेत यंत्रशास्त्रावर बोलावयाचे म्हटले की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसू लागते. संतवाङ्मय, इतिहास, नाटक हे विषय चैत्रातल्या संध्याकाळी शोभतात. चाक, पट्टा आणि पुली यांचे तसे नाही. परंतु आज दुपारी गावात शिरताना रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभे असलेले चार हडंबे आम्ही मोजले. ज्वारीची आणि हरभऱ्याची रास आटोपून ते आता सोयाबीनच्या हंगामापर्यंत स्वस्थ उभे राहणार. ते उभे आहेत तोवरच त्यांच्याविषयी बोलून घ्यावे. एकदा ते सुरू झाले की त्यांच्यापुढे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना पाहिली असेल. त्या मळणीला आठ-आठ दिवस लागत, मागचा माणूस रात्री पेंगतही असे. पण पेंगणारा माणूस पायाखाली आला तर बैल थबकत असे. बैलाला डोळे होते, आणि आपल्या पायाखाली काय येते याची त्याला जाण होती. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे केली, १९०३ साली लोखंडी नांगर केला, आणि आपल्या शेतकऱ्याची यंत्राशी ओळख झाली. हाताने फिरवावयाच्या कडबा कापणीच्या यंत्रात एक गुण होता, तो आपल्या फारसा ध्यानात येत नाही. चाक फिरवणारा माणूसच असल्यामुळे, आत काही वेगळे अडकले तर ते त्याच्या दंडाला कळे आणि तो थांबे. मग त्याच चाकाला मोटार जोडली गेली. मोटारीला पेंढी आणि मनगट यांतला फरक कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही ओझी सारखीच.

आता थोडे गणित. भिऊ नका, पाचवीतल्या मुलाला येईल एवढेच आहे. मळणी यंत्राचा ड्रम साठ सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि तो मिनिटाला ७०० फेरे घेतो असे धरू. त्याच्या कडेवरचा दाता सेकंदाला बावीस मीटर जातो. म्हणजे ताशी सुमारे ऐंशी किलोमीटर, तुळजापूरच्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या मोटारीइतका. आता माणसाकडे पाहू. काही विपरीत घडते आहे हे डोळ्यांना दिसून हात मागे घ्यावयाचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचावयास निरोगी, ताज्या माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदात ड्रमचे जवळजवळ तीन फेरे होऊन गेलेले असतात. दुपारपासून धुरळ्यात उभ्या असलेल्या, रात्री अकरा वाजता बल्बच्या उजेडात पेंढ्या सरकवणाऱ्या माणसाला किती वेळ लागेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट आमच्या शास्त्रातली. फिरणाऱ्या चाकात शक्ती साठून राहते. शंभर किलो वजनाचे, बरेचसे वजन कडेकडे असलेले असे एक चाक ७०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर साठ किलोचा माणूस चाळीस मीटर उंच उचलता येईल एवढी शक्ती त्यात असते. इंजिन बंद केले, पट्टा उतरवला, तरी ही शक्ती जागच्या जागी नाहीशी होत नाही. ती हळूहळू संपते. ‘मशीन बंद केलंय की’ असे म्हणून तुंबलेला पाला काढावयास हात घालणाऱ्याचा घात येथे होतो. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन ड्रमला गुंडाळते आणि यंत्र तुंबते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि वेग वाढला की ही शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. उरकावे म्हणून ट्रॅक्टरचा थ्रॉटल ओढून ७०० चे ९०० फेरे केले, तर शक्ती दीडपटीहून अधिक झाली. त्यातच एखादा दोनशे ग्रॅमचा बोल्ट ड्रमवरून निखळला असेल, तर समतोल बिघडून जो हिसका ७०० फेऱ्यांना तेहतीस किलोंचा बसत होता, तो ९०० ला चौपन्न किलोंचा बसू लागतो, आणि तोही प्रत्येक फेऱ्याला. यंत्र थरथरते, जागेवरून सरकते. थरथरणाऱ्या यंत्राला हाताने किंवा पायाने रेटून धरणारे वीर आम्ही पाहिले आहेत.

ट्रॅक्टरमागून निघणाऱ्या दांड्याचेही सांगतो. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. दांडा पाच सेंटीमीटर जाडीचा धरला, तरी पदराचे टोक गुंतल्यापासून एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाते. आपल्या भागातल्या बायका साडीवर पुरुषी सदरा चढवून, गुंड्या लावून रानात येतात. ही सोय त्यांना कोणा अभियंत्याने शिकवलेली नाही, आणि ती फार शहाणपणाची आहे. परंतु उकाड्यात सदरा निघतो, आणि दांड्यावरचे आवरण तर बहुधा पहिल्याच वर्षी निघालेले असते.

आमच्या लहानपणी शेजारी एक आत्याबाई होत्या. कडबा कुट्टीत त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. पुढे त्या डाव्या हाताने भाकरी थापावयास शिकल्या. भाकरी एका बाजूला जाड होई, आणि ती जाड बाजू त्या स्वतः खात. त्यांच्या घरी त्या प्रसंगाची आठवण निघाली की एकच वाक्य ऐकू येई: ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ आत्याबाई यावर कधी बोलल्या नाहीत. पुढे यंत्रशास्त्र शिकताना त्या यंत्राचे चित्र आमच्यासमोर आले, तेव्हा दिसले की कडबा आत ओढणारे दोन दातेरी रूळ उघडे होते, आणि बोटे त्यांच्या पकडीत गेल्यावर त्यांना उलटे फिरवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. लक्ष कोठे होते हा प्रश्न ते यंत्र बनवणाऱ्याला कोणीच विचारला नव्हता.

तो प्रश्न पुढे काही लोकांनी विचारला. दिल्लीच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी उत्तर भारतातल्या खेड्यांत गेले, आणि कोणाला, कोणत्या अवजाराने, कोठे इजा झाली याची नोंद त्यांनी घेतली. कडबा कापणीच्या यंत्राने खेळणारी मुलेही जखमी होतात असे त्यांना दिसले. मग त्यांनी काय केले? ‘सावध राहा’ असे फलक लावले नाहीत. काम नसताना चाक फिरू नये म्हणून त्याला अडसर दिला, दातेचाके झाकली, आणि बोटांना रुळांची पकड जवळ आल्याचे आधीच कळावे अशी योजना केली. १९९२ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यातली एकही वस्तू गावच्या लोहाराला न जमणारी नाही.

मळणी यंत्राच्या तोंडाचेही असेच आहे. भारतीय मानकात पेंढी सरकवण्याची पन्हळ कमीत कमी नव्वद सेंटीमीटर लांब असावी, आणि ड्रमकडचा तिचा पंचेचाळीस सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा असे सांगितले आहे. हे आकडे कोणा साहेबाच्या लहरीतून आलेले नाहीत. आपला हात खांद्यापासून बोटापर्यंत सुमारे सत्तर-पंच्याहत्तर सेंटीमीटर भरतो. पन्हळ त्याहून लांब असली, तर तिच्या टोकाशी उभे राहणाऱ्याचे बोट ड्रमला लागूच शकत नाही. मग तो पेंगलेला असो, रागावलेला असो की प्यालेला असो. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला, त्यात मळणी यंत्राचे नाव घेऊन उल्लेख आहे, आणि इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी यंत्र वापरणाऱ्यावर टाकली आहे. स्वीडनने तर १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर, तो उलटला तरी चालक चिरडू नये अशी चौकट सक्तीची केली.

मग आपल्या खळ्यांवर आखूड तोंडाचे हडंबे का चालतात? याचे उत्तर पैशात आहे, आणि ते स्पष्ट बोलावे. मळणीचे दर पोत्यामागे ठरतात. लांब पन्हळीतून माल सावकाश जातो. पन्हळ कापून टाकली की चार पोती अधिक निघतात. ती चार पोती यंत्रमालकाला हवी असतात, आणि ज्याचे आभाळ भरून आले आहे त्या शेतकऱ्यालाही हवी असतात. दोघांवरही आम्ही रागावू शकत नाही. पण पेंढी घालणारा माणूस या दोघांहून वेगळा असतो. त्याला ठरलेली हजेरी मिळते, त्या चार पोत्यांत त्याचा वाटा नसतो.

आणि हात जातो तो त्याचा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शासनाची जी अपघात योजना आहे, तीत मृत्यू आला तर दोन लाख आणि एक हात गेला तर एक लाख रुपये मिळतात. परंतु ती आहे सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. पन्हळीशी उभ्या असलेल्या बाईचे नाव पुष्कळदा कोणत्याच सातबाऱ्यावर नसते. कारखान्यातल्या मजुराच्या यंत्राला १९४८ च्या कायद्याने कुंपण घातले. खळ्याला छप्पर नाही म्हणून तेथे कुंपणही नाही, असा काहीसा आपला कारभार आहे. हे बदलावयाचे असेल तर ग्रामसभेत बोलावे लागेल, आणि बोलणारे याच सभेत बसले आहेत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आटोपते घेतो. आमचा मुक्काम आज येथेच आहे. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही त्या बाभळीखाली येतो. ज्यांचे हडंबे तेथे उभे आहेत त्यांनी यावे, पेंढी घालणाऱ्यांनी तर अवश्य यावे. टेप आमच्याजवळ आहे. प्रत्येक तोंडाची लांबी मोजू, आणि जेथे पत्रा कमी पडतो तेथे खडूने खूण करून ठेवू. वेल्डिंगवाल्याला आज संध्याकाळीच सांगून ठेवले आहे. सोयाबीनला अजून चार-पाच महिने आहेत.