लेझरची फुंकर



मध्यंतरी लातूरहून एक तरुण नांदेडला माझ्या दुकानी आला. पिशवीतून एमडीएफची नेमप्लेट काढून टेबलावर ठेवली. अक्षरं सुबक होती, पण कडा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या करपलेल्या. बोट फिरवलं की काजळी हाताला. म्हणाला, "काका, मशीन ऐंशी वॉटचं, ट्यूब नवी. पॉवर वाढवून पाहिली तर आणखीच काळं झालं." मी विचारलं, "हवा कशाची देतोस?" "मशीनसोबत आलेला पंप आहे की. फिशटँकला असतो तसला." दुखणं तिथंच होतं.

लेझर लाकूड कापतो असं आपण म्हणतो, पण करतो काय, तर केसाएवढ्या रेघेत ते जाळतो. जळलं की धूर आला. एमडीएफमध्ये भुसा चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ असतो, त्याचीही चिकट वाफ होते. हे सगळं चिरेतच घुटमळलं तर किरण धुरात अडतो, कड करपते, वर चढलेला धूर लेन्सवर बसतो. मळकी लेन्स किरण स्वतःच पिते, तापते आणि एक दिवस तडकते. म्हणून नोझलमधून किरणासोबत हवेची धार सोडायची. आमच्या धंद्यात याला एअर असिस्ट म्हणतात.

जाता जाता सांगतो, आपल्या मशीनमधला हा कार्बन डायऑक्साइड लेझर तयार करणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे. जन्म १९३८ चा, इंजिनिअरिंग पुण्यात, आणि शोध १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. पुढं १९६७ मध्ये इंग्लंडात पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत ऑक्सिजनची धार सोडून एक मिलिमीटरचं पोलाद कापून दाखवलं. म्हणजे लेझरनं कापायला लागल्यापासून फुंकर त्याच्या जोडीला आहेच.

आता त्या छोट्या पंपाचं. त्याची हवा भरपूर असते, पण तिला जोर नसतो. वरवरच्या नक्षीकामाला ती पुरते. पाच-सहा मिलिमीटरचा एमडीएफ आरपार कापायचा तर नोझलपाशी निदान एक बार दाब हवा, आणि तिथं हा पंप हात टेकतो.

मग पोरं काय करतात? पंक्चरवाल्याकडचा जुना, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर स्वस्तात उचलतात. टायरला तो उत्तम. पण त्याच्या पिस्टनला तेल लागतं आणि त्याचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर निघतात. टायरच्या आत कोण बघायला जातं? लेन्सवर मात्र तोच थेंब जळून डाग पडतो. आपल्याला हवा दाताच्या डॉक्टरांकडं असतो तसला, बिनतेलाचा. ती हवा माणसाच्या तोंडात जाते, म्हणून तिथं तेल चालत नाही. लातूरकरांना तर हे नव्यानं सांगायला नको. डाळमिलमधलं सॉर्टेक्स मशीन डागी दाणा हवेच्या फटकाऱ्यानंच बाहेर उडवतं. त्या हवेत तेल-पाणी शिरलं की काय होतं, ते कुठल्याही मिलवाल्याला विचारा.

कॉम्प्रेसरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "टाकी किती लिटरची?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. हिशेब करून बघा. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ५ बारवर उतरली, तर तिनं साधारण ७२ लिटर हवा दिली. दोन मिलिमीटर भोकाचं नोझल एक बारवर मिनिटाला ६० ते ७० लिटर हवा ओढतं. म्हणजे टाकी मिनिटभराची सोबतीण! २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूर शहरानं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याला टाकी आणि झरा यातला फरक मी काय शिकवणार?

तेव्हा मिनिटाला किती लिटर, ते विचारा. सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं, सांगितलं तर २८ नं गुणा. त्यातही पाटीवरचा आकडा बहुधा पिस्टनच्या मापाचा असतो, प्रत्यक्ष हवा बरीच कमी निघते. शिवाय छोटे कॉम्प्रेसर सलग चालायला केलेले नसतात, निम्मा वेळ त्यांना विश्रांती लागते. आपल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, जास्तच. म्हणून गरजेच्या दुप्पट हवा देणारा घ्यावा. आणि नोझल मोठं करायच्या फंदात पडू नका. भोक दोनाचं चार मिलिमीटर केलं की हवा चौपट लागते.

पावसाळ्यात वेगळंच. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पिळून निघतो. दमट दिवसात आठ तास काम चाललं तर पाव ते अर्धा लिटर पाणी सहज जमतं. टाकीखालचा कॉक रोज संध्याकाळी उघडा, आणि लाइनवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली खेचते, म्हणून लेझर आणि कॉम्प्रेसर एकाच बोर्डावर घेऊ नका.

जुना पंप मात्र टाकू नका. ॲक्रिलिकला जोराची हवा मानवत नाही, कड पांढुरकी, धुरकट होते. क्लासवाल्यांच्या टॉपर पोरांची स्मृतिचिन्हं काचेसारखी चमकायला हवीत, तिथं त्या पंपाची मंद हवा बरी. फक्त हवा मंद असली की ॲक्रिलिक पेट घेऊ शकतं, तेव्हा मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं, "दुकानात जाताना नोझल आणि एक छोटा आरसा खिशात ठेव." त्यानं तसंच केलं. दुकानदाराच्या कॉम्प्रेसरला नोझल जोडलं, पंधरा मिनिटं सलग चालू ठेवायला लावलं, आणि धारेखाली आरसा धरला. आरसा स्वच्छ राहिला. दाबाचा काटा मात्र पाचव्या मिनिटाला बसला. दुकानदार जरा हिरमुसला, मग आतून त्याच्यापेक्षा मोठा काढून आणला.