चाई, तळहाताची ऊब आणि आपण

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



भाषणाचा विषय कोणता, असे चिटणीसांनी आम्हांस दूरध्वनीवरून विचारले, तेव्हा आम्ही ‘चाई’ असे उत्तर दिले. त्यांना ते ‘चहा’ असे ऐकू आले आणि त्यांनी मोठ्या आनंदाने संमती दिली. आता माघार घेण्याची सोय उरलेली नाही! आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु गेली दोन वर्षे या विषयाने आमच्या घरात मुक्काम केला असल्यामुळे जे पाहिले, विचारले आणि वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आमची नात अकरा वर्षांची असताना एका रविवारी तिची वेणी घालताना सूनबाईंना मानेच्या वर रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा दिसली. खाज नाही, खपली नाही, वेदना नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘कीड लागली’ असे निदान केले व लसूण चोळण्यास प्रारंभ झाला. त्यात आम्हीही होतो. कातडी लाल झाली, पोर रडली, केस मात्र आले नाहीत.

वस्तुतः येथे कीड नसते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. एका फणीने, एका उशीने तो होत नाही. सुश्रुतसंहितेत ‘इंद्रलुप्त’ या नावाने त्याचे वर्णन आले आहे, म्हणजे तो आजचाही नव्हे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. केसाचे मूळ हे एरवी त्यांच्या पहाऱ्यातून वगळलेले, अभय दिलेले स्थान आहे. काही कारणाने ते अभय सुटते, आणि या पेशी मधमाश्यांच्या मोहोळाप्रमाणे केसाच्या मुळाभोवती जमून आपल्याच घरच्या माणसास शत्रू समजून त्रास देतात. केस तुटतो, गळतो. परंतु हे सैन्य केस पाडते, त्याचे बीज जाळीत नाही. नवा केस उत्पन्न करणारा साठा त्वचेत शाबूत राहतो. म्हणून वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात. आणि लहानसा एखादाच चट्टा असेल, तर पुष्कळांचे केस वर्षभरात कोणताही उपाय न करता आपोआप येतात.

हे शेवटचे वाक्य आपण कृपया ध्यानात ठेवावे. पुढील सारी कथा त्यावर अवलंबून आहे.

लसणीनंतर एका परिचितांच्या आग्रहावरून ऊर्जाचिकित्सा करणाऱ्या एक बाई आमच्या घरी येऊ लागल्या. या पद्धती अनेक आहेत. जपानचे मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास रेकी सुरू केली. प्राणिक हीलिंग हे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी फिलिपाइन्समधून आले. बाई मुलीच्या मस्तकावर वीतभर अंतरावर तळहात धरून अर्धा तास शांत बसत. अकरा बैठका झाल्या. दुसऱ्या महिन्यात चट्ट्यावर पांढरी लव दिसू लागली, ती काळी झाली, आणि घरात पेढे वाटले गेले. पेढे आम्हीच आणले होते, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या महिन्यात कानामागे दोन नवे चट्टे उमटले. बाई म्हणाल्या, ‘घरात कोणाचा तरी राग मुलीच्या टाळूत कोंडला आहे.’ सर्वांच्या नजरा आमच्या चिरंजीवांकडे वळल्या. ते बिचारे रात्रपाळी करून येतात, म्हणून थोडे चिडचिडे आहेत, एवढेच. त्या दिवसापासून बाप मुलीशी बोलताना अडखळू लागला, आणि मुलीस वाटू लागले की आपल्यामुळे घरात भांडण होते. बैठकीचे पैसे गेले, त्याचे आम्हांस तितकेसे वाटत नाही. या एका वाक्याने आमच्या घराची जी हानी केली, ती भरून येण्यास मात्र वर्ष लागले.

तळहातांस ऊर्जा जाणवते किंवा कसे, याची परीक्षा अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञानप्रकल्पासाठी घेतली होती. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांस तिचे विशेष कौतुक वाटते. चिकित्सकाने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पलीकडे ठेवायचे. मुलीने नाणे उडवून त्यांपैकी एका हातावर आपला हात थोड्या अंतरावर धरायचा. आणि चिकित्सकाने कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते ते सांगायचे. एकवीस चिकित्सकांनी मिळून २८० वेळा उत्तरे दिली, त्यांपैकी १२३ बरोबर आली. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मी, म्हणजे १४० च्या आसपास, बरोबर आली असती! हा वृत्तान्त १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

असे असले तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या अर्ध्या तासात आमची नात शांत होत असे व रात्री स्वस्थ झोपत असे. दिवसभरात तिच्याजवळ न बोलता, न विचारता, न उपदेश करता बसणारे दुसरे कोणी नव्हते. आता तिची आजी रोज संध्याकाळी तशी बसते. त्याने केस येतात असे आजी म्हणत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी मुलीची नखे पाहिली, थायरॉइडची तपासणी करविली व लावण्यास औषध दिले. मोठ्या माणसांस चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक टोचणीही देतात. ‘डॉक्टरांच्या औषधानेही केस आपोआपच आले नसतील कशावरून?’ असा प्रश्न आम्ही त्यांना विचारला. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच खऱ्या गोळीची तुलना खोट्या गोळीशी करतात. डोक्यावरचे निम्म्याहून अधिक केस गेलेल्या प्रौढांवर बॅरिसिटिनिब या औषधाची अशी परीक्षा झाली. मोठी मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३५ ते ३९ जणांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत बहुतांश केस आले. खोटी गोळी घेणाऱ्यांत ३ ते ६ जणांच्याच. अमेरिकेत २०२२ साली त्यास मान्यता मिळाली. या जातीच्या औषधांचा चाईवर उपयोग दाखविणाऱ्या संशोधकांत कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला ख्रिस्तियानो आहेत, आणि त्यांना स्वतःलाही चाई झालेली आहे. मात्र हे औषध सर्वांस लागू पडत नाही, बंद केल्यास केस पुन्हा गळू शकतात, व गंभीर जंतुसंसर्गाचा धोकाही असतो. तेव्हा ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाविषयी. नोकरीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा टोपी घालून बसत असे. शिस्तीच्या अभिमानाने एके दिवशी आम्ही ती सर्वांदेखत काढावयास लावली. डोक्यावर चार मोठे चट्टे होते. वर्ग हसला. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही, आणि आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. नातीचा पहिला चट्टा पाहिला, त्या रात्री आम्हांस त्या मुलाचे डोके आठवले. तोपर्यंत सव्वीस वर्षे आठवले नव्हते.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या अर्जात ‘व्यंग असल्यास’ असा एक रकाना आहे. दोन स्थळांच्या बाबतीत त्या रकान्यात ‘चाई’ लिहिल्यामुळे पत्रिकाही मागविली गेली नाही, आणि एका घराने ती लपविल्यामुळे लग्नानंतर कटुता आली, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. ज्यास चाई आहे, त्याच्या मुलांस ती होण्याचा संभव किंचित वाढतो, पण बहुतेकांस होत नाही. दोन्ही घरांनी समोरासमोर बसून ही गोष्ट मोकळेपणाने बोलावी, हे योग्यच. परंतु तो रकाना पुढील छपाईत गाळावा. आमच्या नातीने हे भाषण आधी वाचले आहे, आणि तिच्याविषयी बोलण्यास अनुमती देताना तिने हीच एक अट घातली होती.