किल्ली कुणाच्या हातात?

(रत्नागिरीतील बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



धंद्यासाठी जागा म्हटलं की आपण पहिल्यांदा भाडं विचारतो. मी म्हणते, आधी काम बघा. १९५९ साली गिरगावात सात जणी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड करायला बसल्या. त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. तिथे केंद्रात मळलेलं पीठ बायका घरी नेतात, लाटलेले पापड आणून देतात. म्हणजे सगळ्याच कामाला भाड्याची जागा लागत नाही.

आपल्या आंबापोळीला, आमसुलांना एप्रिल-मेचं ऊन हवं. त्याला अंगण पुरतं. पावसाळ्यात मात्र कोरडी खोली हवी, नाहीतर मालाला बुरशी धरलीच! मग वर्षभर मोठा गाळा कशाला? लहान खोली घ्या, पण ओल न येणारी. वीज, पाणी आणि संडास बघा. संडासाचं विचारायला आपण लाजतो आणि दिवसभर पाणी न पिता बसतो. शेवटची एसटी मिळेल ना, तेही बघा.

१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची. पण त्यावर नाव कुणाचं? आमची पहिली खोली एकीच्या यजमानांच्या नावावर होती. त्यांच्या घरात भांडण झालं आणि खोलीला कुलूप लागलं. ऐन गणपतीत आमसुलांचे डबे आत, आम्ही बाहेर. पुढचा करार गटातल्या दोघींच्या नावाने केला. किल्ल्या तीन करून घेतल्या.