बाळाचा मोतीबिंदू आणि नंतरचा काचबिंदू



मोतीबिंदू म्हटला की आजी-आजोबा आणि नेत्रशिबिरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु काही अर्भके जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात. बाहुलीत पांढुरकी झाक दिसणे, हे त्याचे लक्षण. वृद्धाच्या शस्त्रक्रियेस महिनाभर विलंब झाला तरी सहसा बिघडत नाही. बाळाचे तसे नसते; डोळ्यात प्रतिमाच उमटली नाही, तर मेंदू त्या डोळ्याने पाहावयास शिकतच नाही. म्हणून एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असल्यास ४ ते ६ आठवड्यांच्या वयात आणि दोन्ही डोळ्यांत असल्यास ६ ते ८ आठवड्यांच्या वयात शस्त्रक्रिया करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो.

त्याहून घाई का नको? कारण वय जितके कोवळे, तितका पुढे काचबिंदूचा धोका अधिक. डोळ्यातील द्रवाचा निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकते. गेलेली दृष्टी मग परत येत नाही.

अमेरिकेत २००४ ते २००९ या काळात, एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेली ११४ बाळे एका अभ्यासात घेतली गेली. सर्वांचे वय १ ते ७ महिन्यांच्या दरम्यान. निम्म्यांना कृत्रिम भिंग बसविले, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. ५ वर्षांत सुमारे १७ टक्के डोळ्यांत काचबिंदू आढळला, १० वर्षांत २२ टक्के. संशयित धरल्यास ४० टक्के. भिंग बसविल्याने काचबिंदू टळतो, हा समजही त्यात टिकला नाही.

सर्वांत फसवी गोष्ट घरातच घडते. दाबामुळे बाळाचा डोळा वाढू लागतो आणि घरची मंडळी 'किती टपोरे डोळे!' म्हणून कौतुक करतात. कौतुक जरूर करावे, पण डॉक्टरांकडेही न्यावे. डोळ्यातून पाणी येणे, उजेड न सोसणे, बुबुळ धुरकट होणे, चष्म्याचा अधिक नंबर झपाट्याने उतरणे, हे सारे इशारेच. पुष्कळदा तर कोणतेच लक्षण नसते. म्हणून दाबाची तपासणी आयुष्यभर, ठरल्या वेळी व्हावयास हवी. लहानग्यांसाठी त्याकरिता प्रसंगी भूलही द्यावी लागते. तिला भिऊन तपासणी टाळू नये.

काचबिंदू आढळलाच तर थेंब आहेत, शस्त्रक्रिया आहेत. स्टिरॉइडचे थेंब मात्र सांगितल्या मुदतीपलीकडे स्वतःहून चालू ठेवू नयेत, त्यानेही दाब चढतो. शस्त्रक्रियेचे कागद जमाखर्चाच्या वहीइतकेच जपावेत. मूल मोठे होऊन परगावी शिकावयास जाईल, तेव्हा ती फाइल त्याच्यासोबत द्यावी.