पेव बुजले, पुढे काय?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या गावच्या पांढरीवर, पडक्या वाड्यांच्या मागे, अजून दोन पेवांची तोंडे दिसतात. एकात लोक केर टाकतात, दुसऱ्यावर कुणीतरी कडब्याची गंजी रचली आहे. इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पेव सांगायला नको. पोरांसाठी सांगतो. कोरड्या, मुरमाड जागेत माणूस उतरेल एवढे तोंड ठेवायचे आणि आत रांजणासारखा फुगीर खड्डा घ्यायचा. तळाला नि कडेला कडबा लावून ज्वारी ओतायची, वर भूस, त्यावर दगड, मग माती. पाणी शिरले नाही तर ज्वारी वर्षानुवर्षे टिके. उघडताना मात्र दिवसभर वारा खेळू द्यायचा, मग आत पेटता कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. घाई करणारी माणसे आत गुदमरून मेलेली आहेत.

जुने दिवस आठवून गहिवरायला आम्ही उभे राहिलेलो नाही. पेव बहुतेक पाटला-सावकाराचे असे आणि त्यातली ज्वारी गरिबाला दिडी-दुपटीने मिळे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका आपल्याला पाठ आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार लुटवले आणि विठोबाने दाम भरले. कीर्तनात आपण विठोबापाशी डोळे पुसतो. आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रयतेने पिकवलेले धान्य तेव्हा मंगळवेढ्यातच होते, बिदरला पोचले नव्हते. पोचले असते तर पंतांनी काय उघडले असते?

१९७२ साली आपण तेच पाहिले. विहिरींना थोडेफार पाणी होते, पण घरात दाणा नव्हता. जोंधळ्याच्या मुलखात अमेरिकेतली तांबडी मिलो आली. खडी फोडून, पाझर तलावावर माती वाहून आपल्या आयाबायांनी त्या मिलोच्या भाकरी थापल्या आणि सुकडी खाल्ली. ज्यांनी खाल्ली त्यांना ती चव अजून आठवते.

त्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायचे असेही लिहिले आहे. जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य फुकट झाले. तेच २०२३ साल भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, दिल्लीत ज्वारी-बाजरीच्या मेजवान्या झडल्या. आमच्या गावच्या दुकानात मात्र पोत्यात तांदूळच होता. गरिबाला फुकट मिळते याबद्दल आमची तक्रार नाही, ते मिळालेच पाहिजे. पण पंजाबचा गहू सरकार विकत घेऊन सोलापुरात वाटणार आणि सोलापूरची ज्वारी मार्केट यार्डात अडत्याच्या तोंडाकडे बघत बसणार, हा कुठला न्याय?

ज्वारी का घटली ते आपणच जाणतो. रानातून ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. पाणी आले की ऊस लागतो. शेतकऱ्याला यासाठी दोष देणाऱ्याने आधी एक रान उपटून दाखवावे.

आता हिशेब बघा. पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो ज्वारी धरली तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. कोरडवाहू मालदांडी एकरी चार क्विंटल आली तरी दीड एकरात घर खाऊन उरते, वर जनावरांना कडबा. २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा ज्याच्या दारात कडब्याची गंजी होती त्याने बैल विकला नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले. तेव्हा कणगीत ज्वारी असलेले घर आणि नसलेले घर यांतला फरक आम्ही गल्लीतच पाहिला.

म्हणून एकट्यादुकट्याने नाही, गावाने धान्य ठेवावे असे आमचे म्हणणे आहे. हे आम्ही करून फसलेलोही आहोत. २०१३ च्या दुष्काळानंतर आमच्या वीस घरांनी प्रत्येकी एक पोते घालून धान्यकोठी काढली. तिसऱ्या वर्षी ती मोडली. वही एकाच्या घरात, किल्लीही त्याच्याच घरात. ज्यांना गरज नव्हती त्यांनी आधी उचल केली आणि भाव वाढल्यावर परत घातली नाही. उरलेली पोती आम्ही उघड्या फरशीवर थप्पीने लावली होती. ओल चढली आणि किडीने पीठ केले. चूक सरकारची नव्हती, आमची होती.

नीट कसे करतात ते बघायला लांब जायला नको. हैदराबादच्या रस्त्यावर, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, जहीराबादच्या आसपास डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे महिलांचे संघम आहेत. त्यात बहुतेक दलित, अल्पभूधारक बायका. १९८३ साली आंध्रात दोन रुपये किलो तांदूळ सुरू झाला आणि हलक्या रानातली ज्वारी अनेकांना परवडेनाशी झाली. रान पड पडले, मजुरीही गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यात या बायकांनी केंद्राच्या ग्रामविकास खात्याच्या मदतीने तीसेक गावांत अडीच हजारांहून अधिक एकर पड रान ज्वारीखाली आणले. नांगरट, खत, पेरणीसाठी कर्ज दिले, पण फेड पैशात नाही, ज्वारीत, पाच वर्षांच्या हप्त्यांनी. ती ज्वारी गावातच साठवली आणि पावसाळ्याच्या टंचाईच्या दिवसांत सर्वांत गरीब घरांना कमी दराने दिली. गरीब कोण हे तलाठ्याने ठरवले नाही, गावाने एकत्र बसून ठरवले. विक्रीचा पैसा पुन्हा पड रानाच्या कामी लावला. आमच्या कोठीत नेमके हेच नव्हते: उघडी यादी आणि बायकांच्या हातात किल्ली.

इथे कुणीतरी विचारणारच, म्हणजे शेतकऱ्याने पोटापुरतेच पिकवायचे? नाही. आपल्याला बाजारही हवा आणि भावही हवा. पण रास झाली की हातउसन्यासाठी शिमग्यात पडत्या भावाने विकायची आणि आषाढात तीच ज्वारी चढ्या भावाने दुकानातून आणायची, हा धंदा नाही, ही लाचारी आहे. कोठीवर पोते ठेवून चार पैशांची उचल मिळाली तर शेतकरी दोन महिने थांबू शकतो. थांबता आले तर भाव बोलता येतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते चांगलेच. पण बी दरवर्षी दुकानातून आणायचे असेल तर त्या मानाचे काय करू? कोठीत पहिले पोते बियाण्याचे ठेवावे. कणसे रानात उभी असतानाच निवडावीत, मळणीनंतर नव्हे.

या हंगामात पाच गावांनी सुरुवात करावी अशी आमची सूचना आहे. घरटी एक पायली, बागायतदाराने एक पोते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, कडुनिंबाचा पाला घालून. किल्ल्या दोन, दोन्ही बायकांकडे. वही दर अमावास्येला देवळासमोर मोठ्याने वाचायची. आमच्या गावाचे नाव पहिले लिहून घ्या, बाकीच्या चार गावांनी जेवणाच्या सुट्टीत मांडवाच्या डाव्या हाताला येऊन नावे द्यावीत.