युरिया की नवसागर? मासे आणण्याआधी टँकमध्ये काय घालायचं

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे, म्हणजे' थोडं कमी केलंय, मापं मात्र बोललो तशीच ठेवली आहेत.)

आज स्टुडिओ वगैरे काही नाही, राणीसावरगावातून, घरून बोलतोय. मागं एअर पंपाची घरघर येतेय, माहितीये मला. तो मी बंद करणार नाही. का, ते पुढं सांगतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करू. पहिला फिश टँक मी परभणीहून आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्याच दिवशी पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी १२ मासे सोडले. दुकानदार म्हणाला होता, पाणी स्वच्छ आहे ना, मग झालं. आठव्या दिवशी एकही मासा उरला नाही. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ होतं! आई एवढंच म्हणाली, "जीव घरात आणून मारायचे असतील तर तो डबा माळ्यावर टाक."

ते वाक्य लागलं. म्हणून हा भाग.

मासे मेले कशानं? स्वतःच्याच घाणीनं. मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया दिसत नाही, पण कल्ले जाळतो. नदी-तळ्यात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच, माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद ते कमी करतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते मासे बऱ्यापैकी सहन करतात. नावं सारखी वाटतात, घोळ घालू नका: 'राइट' वाईट, 'रेट' चालेल. हे काम जिवाणू करतात, हे सेर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवून दिलं.

आणि हे आपल्याला परकं नाही बरं का. शेतात युरिया टाकल्यावर मातीत हेच होतं. युरियाचा अमोनिया होतो, अमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते पीक उचलतं.

नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि वाढायला त्यांना खाणं लागतं. त्यांचं खाणं म्हणजे अमोनिया. मग माशांचा बळी देऊन अमोनिया तयार करायचा, की मासे नसतानाच बाहेरून घालायचा? बाहेरून घालण्याला फिशलेस सायकलिंग म्हणतात. खरा प्रश्न पुढं येतो: कुठला अमोनिया?

परदेशी व्हिडिओत सांगतात, साधा घरगुती अमोनिया घ्या. आपल्या किराणा दुकानात ती बाटली नसते. काच पुसायचं निळं लिक्विड असतं, त्यातल्या काहींत अमोनिया असतो, पण सोबत साबण, रंग आणि सुगंध पण असतो. बाटली हलवून बघा. फेस आला आणि टिकला तर ती टँकसाठी नाही. फरशीच्या जंतुनाशकावर 'बेन्झाल्कोनियम क्लोराईड' लिहिलेलं दिसलं, तर शेवटी 'क्लोराईड' आहे म्हणून फसू नका. ते जिवाणू मारायचं औषध आहे. आपल्याला जिवाणू पाळायचेत.

मग माझ्या डोक्यात आला युरिया. घरात गोणी पडलेली, फुकटचं काम! चिमूटभर हातात घेतला पण होता. तेवढ्यात गोणीवर वाचलं: नीम कोटेड. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप द्यायचा असा सरकारी नियम आहे. तो का देतात? शेतात अमोनियाचं नायट्रेट सावकाश व्हावं, खत वाया जाऊ नये म्हणून. म्हणजे बघा, मला जे जिवाणू वाढवायचेत, त्यांनाच आवरण्यासाठी तो लेप आहे! शेतात शहाणपण, टँकमध्ये उलटं काम. शिवाय युरिया हा थेट अमोनिया नाही. तो आधी फुटावा लागतो, त्यामुळं आज किती घातला आणि टेस्टमध्ये किती दिसेल याचा मेळ बसत नाही. डीएपी पण नको, त्यातल्या फॉस्फेटनं शेवाळ माजतं.

तिसरा पर्याय, केमिकलच्या दुकानातला लिकर अमोनिया. साधारण २५ टक्क्यांचा. शुद्ध मिळाला तर जिवाणूंना चालतो, पण मी घेणार नाही. झाकण उघडताच डोळे आणि घसा धरतो, कातडीवर पडला तर भाजतो. माझ्या टँकला त्याचा अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. एवढ्या थेंबांसाठी लेकरांच्या घरात ती बाटली कशाला? आणि कुठलाही अमोनिया ब्लीचिंग पावडरजवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो.

आता माझं उत्तर: नवसागर. शाळेत आठवतं का, संप्लवन? कापूर, नवसागर, डांबरगोळी. तोच. अमोनिअम क्लोराईड. पितळी भांड्यांना कल्हई करताना तो वापरायचे. पांढरी पूड, कोरडी असताना वास जवळपास नाही, पाण्यात लगेच विरघळते.

पण कल्हईचा नवसागर घेऊ नका. त्यात काय मिसळलंय हे कुणी लिहून देत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानातून सीलबंद डबी घ्या, लेबलवर 'अमोनिअम क्लोराईड' आणि शुद्धतेचा टक्का बघून. दुकानात नुसतं "नवसागर द्या" म्हणालात तर समोरचा वरपासून खालपर्यंत बघेल, कारण हातभट्टीवाले पण तोच नेतात. माझ्याकडं बघितलंच! "माशांसाठी" म्हटल्यावर तर आणखीच बघितलं.

आता मापं, लिहून घ्या. १० ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत साधारण ३.२ मिलिग्रॅम अमोनिया असतो. माझ्या टँकमध्ये वाळू-दगड वगळून ५० लिटर पाणी बसतं. आपल्याला हवाय २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १०० मिलिग्रॅम. म्हणजे साधारण ३० मिली द्रावण. टँक २५ लिटरचा असेल तर १५ मिली. जास्त घालून लवकर होत नाही. ५ पीपीएमच्या वर गेलात तर जिवाणूच अडखळतात. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर अजिबात भरू नका.

पाण्याचं पण बघा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर असते, तिचा क्लोरीन जिवाणू मारतो. पाणी भरून, हवा सोडून एक-दोन दिवस ठेवा किंवा क्लोरीन काढायचं औषध घाला, मगच अमोनिया.

पुढचं काम वाट बघायचं. टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींचं. किटवर पैसे घालवताना जीवावर येतं, पण किटशिवाय हा सगळा अंदाजपंचे कारभार. माझ्याकडं बाराव्या दिवसापर्यंत काहीच हललं नाही. मग अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट चढलं. अमोनिया शून्याजवळ आला की परत डोस, नायट्राइट फार चढलं की अर्धाच.

झालं कधी म्हणायचं? २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य. माझं चौतिसाव्या दिवशी झालं. मग बरंचसं पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी होईल, आणि मासे थोडे-थोडे सोडा.

आता त्या घरघरीचं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. लाइट गेली, फिल्टर काही तास बंद राहिला, की ते मरायला लागतात. म्हणून माझा पंप इन्व्हर्टरवर आहे, रेकॉर्डिंगसाठी सुद्धा बंद होत नाही. आणि स्पंज नळाच्या पाण्यात धुवू नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

पस्तिसाव्या दिवशी मी चार मासे आणले, बाराचा मोह टाळून. आज दोन महिने झाले, चारही आहेत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन टँकसमोर कोण बसतं माहितीये? आई. परवा मलाच विचारत होती, "आज ते तुझं पाणी तपासलंस का?"

तपासलं होतं. दोन्ही शून्य.

तुमच्या टँकचं माप आणि पाणी कुठलं, बोअरचं की नळाचं, ते व्हॉइस नोटवर पाठवा, डोसचा हिशोब पुढच्या भागात सोबत करू. तोवर टँक रिकामा दिसला तरी चालेल, घाई करू नका. भेटू!