मासा आणि त्याचे पाणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे, सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु भोई समाजात जन्मलेल्यास पाण्याचा विषय परका नसतो. वाचून व विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

आपले पूर्वज कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांच्या डोहांत जाळे टाकीत. पुढे येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर ही धरणे झाली आणि आपण जलाशयांकडे वळलो. आता आपले काही तरुण शेततळ्यांत मासे वाढवू लागले आहेत. नदीतील मासा पाणी बिघडले की दुसरा डोह गाठतो. शेततळ्यातील मासा कोठे जाणार? त्याच्या पाण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.

ऐन उन्हाळ्यात असे घडते की, सायंकाळी धडधाकट असलेले मासे पहाटे पाण्यावर मरून तरंगताना दिसतात. मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की कोणीतरी विष कालवले. मग भाऊबंदकीचे जुने वैर जागे होते. विष घालणारा दुर्जन जगात नाहीच, असे मी म्हणत नाही. परंतु पुष्कळदा मासे मरतात ते गुदमरून.

याचे कारण सोपे आहे. पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री ते काम थांबते, आणि मासे, शेवाळ व तळाशी कुजणारे खाद्य ही सर्वच प्राणवायू खर्च करू लागतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात उष्णतेची भर पडते. 20 अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांस सुमारे साडेसातच. उलट पाणी तापले की माशाची गरज मात्र वाढते. अशा वेळी मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करतात, आणि बहुधा मोठे मासे आधी मरतात. विषबाधेत सहसा लहान मासेही लवकर मरतात. तेव्हा कोणावर आळ घेण्यापूर्वी ही लक्षणे पाहावीत, आणि संशय उरलाच तर पाण्याचा नमुना तपासून घ्यावा.

कोणी म्हणतील, आम्ही तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, पाळतो; ती कशातही जगते. ही गोष्ट खरी आहे. 1952 साली भारतात आलेला हा आफ्रिकेचा मासा मोठा चिवट आहे. रोहू व कटला यांस लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू हवा; तिलापिया त्याहून पुष्कळ कमी प्राणवायूतही तग धरतो. परंतु तगणे वेगळे आणि वाढणे वेगळे. कोंदट वर्गात दाटीने बसवलेली मुले जिवंत राहतात, पण त्यांची बुद्धी फुलत नाही. माशाचेही तसेच आहे. सततच्या ताणाने त्याची भूक मंदावते, वाढीस लागणारी शक्ती जीव सांभाळण्यात खर्च होते आणि रोगाशी झुंजण्याचे बळ घटते. मग पाण्यात आधीपासूनच असलेले जंतू त्याच्यावर मात करतात. अंगावर व्रण पडतात, पर झडतात. रोग हे शेवटचे पाऊल होय. पहिले पाऊल बिघडलेल्या पाण्याचे असते.

तिलापियाचा आणखी एक स्वभाव ध्यानी घ्यावा. तो दोन-तीन महिन्यांतच प्रजननक्षम होतो, आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. त्यामुळे तळे पिलांनी भरून जाते आणि कोणीच मोठा होत नाही. म्हणूनच शासनमान्य केंद्रातून केवळ नर बीज घेण्याची पद्धत पडली आहे.

उपाय खर्चिक नाहीत. बीज मोजून सोडावे. अधिक बीज म्हणजे अधिक उत्पन्न नव्हे. बोटुकलीची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून मगच उघडावी. खाद्य माशांच्या वजनाच्या मानाने द्यावे, आणि ते उरू लागल्यास हात आखडावा. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ अति झाले असे समजावे. मासे तोंड वर काढू लागताच खाद्य बंद करून ताजे पाणी सोडावे, अथवा पंपाने तेच पाणी उंचावरून फवारावे. उन्हाळ्यात पाणी आटण्यापूर्वी मोठे मासे विकून दाटी कमी करावी. मेलेले मासे दूर नेऊन पुरावेत. आणि तज्ज्ञाला विचारल्यावाचून औषध ओतू नये.

तरुणांनो, तुमच्यापैकी अनेकांनी कर्ज काढून हा उद्योग मांडला आहे. एका पहाटेत वर्षाची कमाई जाऊ शकते, आणि चुकीच्या संशयाने पिढ्यांचे नाते तुटू शकते. पहिले नुकसान भरून निघेल. दुसरे भरून निघणे कठीण. यास्तव रोज सूर्योदयापूर्वी तळ्यावर जा आणि पाणी पाहा. डोहाचे पाणी पाहून माशाचा ठाव सांगणाऱ्यांची आपण लेकरे आहोत. त्या जुन्या नजरेला नव्या शास्त्राची जोड द्या, एवढीच माझी विनंती.